एजिना बेटावरचं अफायाचं देऊळ: दगड तिथे, माणसं म्युनिकला

आधी मार्क देऊन टाकते, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. देऊळ पाचपैकी पाच, जागा पाचपैकी पाच, सावली पाचपैकी दीड. आणि एक अट आहे, म्युनिकच्या ग्लिप्टोथेक म्युझियमला कधीतरी जाऊन आला असाल किंवा जाणार असाल तर हे मार्क, नाहीतर एक कापून घ्या, कारण ह्या देवळाचे दगड एजिनाला आहेत आणि त्यातली माणसं, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या संगमरवरी मूर्ती, म्युनिकला. मी म्युनिकमधेच राहते त्यामुळे माझं सगळं उलटं झालं, माणसं आधी भेटली आणि त्यांचं घर नंतर बघितलं.

तर हे अफाया नावाच्या देवीचं देऊळ. अथेन्ससमोरचा जो समुद्र आहे, सारोनिक आखात, त्यात एजिना बेट आणि बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात पाइनच्या टेकडीवर हे. इसवीसनापूर्वी साधारण 500 ते 480 च्या दरम्यान बांधलेलं, म्हणजे अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या प्रसिद्ध पार्थेनॉन देवळाचं काम 447 ला सुरू झालं त्याच्या आधी निदान एक पिढी. आपली मंडळी ग्रीसला येतात ती अथेन्स, सँटोरिनी, मिकोनोस करून, निळे घुमट पाठीमागे घेऊन फोटो काढून परत जातात, एजिना कोणाच्या यादीत नसतं. माझ्याही नसतं, पण बरोबर कोल्हापूरहून आलेली आत्या होती, सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली, तिने अक्रोपोलिसवरची गर्दी बघितली आणि जाहीर केलं की ही जत्रा झाली, मला असं देऊळ दाखव जिथे दोन मिनिटं उभं राहिलं तर मागून कोणी ढकलणार नाही. म्हणून एजिना.

जायचं कसं ते सांगते. अथेन्सहून पिरियस बंदर गाठायचं, मेट्रोची हिरवी लाइन पूर्वीपासून जातेच, आता 2022 पासून निळी लाइनही तिथपर्यंत आलीय आणि ती एअरपोर्टवरूनच येते, त्यामुळे एखाद्याला विमानातून उतरून थेट बेटावर जायचं असेल तर तेही जमतं. बंदर अवाढव्य आहे, वेगवेगळ्या बेटांच्या बोटी वेगवेगळ्या गेटवरून सुटतात, एजिनाचं गेट ई-8, मेट्रोपासून चालत जवळच. बोटी दोन प्रकारच्या, एक मोठी गाड्याबिड्या चढवणारी फेरी जी सव्वा तास घेते आणि दुसरी हायड्रोफॉइल जी चाळीस मिनिटांत पोचवते. लोक वेळ वाचवायला दुसरी घेतात आणि बंद खिडकीआड बसून जातात, माझं ऐका, मोठीच घ्या. वरच्या डेकवर बाकं असतात, कॉफी मिळते, नांगर टाकून उभी राहिलेली मालवाहू जहाजं बघत जायचं, आणि उजव्या हाताला सालामिस बेट दिसतं. इसपू 480 मधे पर्शियन आरमाराला ग्रीकांनी जिथे बुडवलं ते सालामिस. त्या लढाईत शौर्याचा पहिला मान मिळाला तो अथेन्सच्या नाही, एजिनाच्या जहाजांना, हे आत्याने मलाच सांगितलं, मी नुसतं हं हं केलं.

एजिना हे नाव आज कोणाला माहीत नाही पण एके काळी हे बेट अथेन्सला डोईजड होतं. ग्रीसमधे नाणी पाडणाऱ्या पहिल्या काही जागांतली ही एक, चांदीचं नाणं, त्यावर समुद्री कासव, आणि हे कासव लांब लांबच्या बाजारांत चालायचं. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस तर एजिनाला पिरियसच्या डोळ्यातलं चिपड म्हणायचा, काढून टाका म्हणायचा, आणि इसपू 431 ला अथेन्सने खरंच बेटावरच्या सगळ्या लोकांना हाकलून दिलं. देऊळ बघताना हे डोक्यात असू द्या कारण पुढे नकाशावरचा एक त्रिकोण येणारे त्याला हे लागणारे.

बंदरात उतरलं की समोरच एजिना गाव, पिवळट-गुलाबी जुन्या इमारती, धक्क्यावर पिस्त्याच्या टपऱ्या. 1828 मधे नवा ग्रीस देश उभा राहत होता तेव्हा काही काळ राजधानी इथे होती, अथेन्स तेव्हा अगदीच पडझड झालेलं गाव होतं. देऊळ गावापासून साधारण बारा किलोमीटर. बंदराजवळच बसस्टँड आहे, आगिया मरिना गावाला जाणारी बस पकडायची, ती देवळाच्या दारातच थांबते. बसच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात त्यामुळे उतरल्या उतरल्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, जायचा नाही, यायचा, कारण वर टेकडीवर परतीची बस चुकली तर पुढच्या बसपर्यंत तुम्ही आणि रातकिडे. टॅक्सी मिळते, स्कूटर भाड्याने मिळते, रस्ता वळणावळणाचा आहे आणि दोन्ही बाजूला पिस्त्याच्या बागा. पिस्त्याचं झाड बुटकं असतं आणि त्याला पिस्ते घोसाने लागतात, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं बदामासारखं काहीतरी असेल.

आता देऊळ. तिकीट काढून पाइनच्या झाडांमधून थोडं चढायचं, झाडांना डिंक येतो त्याचा वास असतो सगळीकडे, रातकिड्यांचा आवाज इतका की बोलताना आवाज चढवावा लागतो (दिवसाढवळ्या ओरडणारे हे ते सिकाडा, पण आपण रातकिडेच म्हणू), आणि मग एकदम मोकळं पठार आणि त्यावर हे. पहिल्या नजरेत काय जाणवतं तर ते उभं आहे. म्हणजे ग्रीसमधली बहुतेक देवळं ही जमिनीवर आडव्या पडलेल्या खांबांचा ढीग असतात आणि तुम्हाला कल्पनेनेच उभं करावं लागतं, इथे तसं नाही, बाहेरच्या बत्तीस खांबांपैकी चोवीस-पंचवीस जागेवर आहेत, त्यावरच्या आडव्या तुळया आहेत, आणि मुख्य म्हणजे गाभाऱ्यातले आतले खांब दोन मजली आहेत, खालच्या खांबांवर तुळई आणि तिच्यावर परत छोटे खांब, ते दोन मजले अजून बघायला मिळतात. पार्थेनॉनमधेही आत असेच दोन मजले होते पण तिथे आज काही नाही. म्हणजे ग्रीक देऊळ आतून कसं असायचं हे कळायला अक्रोपोलिसपेक्षा ही जागा जास्त उपयोगाची, हे मी आत्याच्या जिवावर बोलतेय पण तिचं बरोबर आहे. थोडी मदत झालीय हं, 1950 च्या दशकाच्या शेवटी काही खांब आणि तुळया परत चढवल्यात, पण दगड त्याच देवळाचे.

देऊळ आकाराने मोठं नाही. समोर सहा खांब, बाजूला बारा, खांबांची उंची सव्वापाच मीटर. पार्थेनॉनसमोर माणूस मुंगी होतो, इथे तसं होत नाही, आणि मला तेच आवडलं. दगड संगमरवर नाही, बेटावरचाच पिवळसर चुनखडी दगड, भोकाभोकांचा, खरखरीत दिसतो, त्यावर संगमरवराच्या भुकटीचा पातळ गिलावा करून वर रंग दिलेला असायचा. आज जो मधासारखा रंग बघून आपण आहाहा करतो तो खरा म्हणजे गिलावा गेल्यावरचा उघडा दगड आहे. जोडायला चुना नाही, दगडावर दगड, आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखं, ते बघून आत्या एकदम घरी आल्यासारखी झाली आणि खिद्रापूरच्या गोष्टी सांगायला लागली. खांब बहुतेक सगळे अखंड, एकाच दगडातून काढलेले, फक्त उत्तरेकडचे तीन तेवढे तुकडे रचून केलेत. का, तर म्हणे आतलं काम चालू असताना मोठे दगड आत न्यायला ती बाजू मोकळी ठेवली होती आणि ते तीन खांब शेवटी तुकड्या तुकड्यांनी उभे केले. हे वाचून जा आणि तिथे गेल्यावर शोधा, मजा येते, आम्ही शोधले. आणखी एक, गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला एक दार आहे ते मधोमध नाही, जरा बाजूला सरकलेलं आहे. इतक्या मोजूनमापून बांधलेल्या देवळात हे वाकडं दार का, मागच्या खोलीत मौल्यवान वस्तू ठेवायचे म्हणून की पूजेच्या काही रीतीसाठी, ह्यावर तज्ज्ञांचं चालूच असतं. मला वाटतं आतल्या मूर्तीला वळसा न घालता सामान न्यायला केलं असणार, पण माझ्या वाटण्याला काय किंमत.

पूर्वेकडे दरवाजा, त्याच्यासमोर बळी द्यायची वेदी, आणि देवळापासून वेदीपर्यंत दगडी उतार. ग्रीक लोक पूजा देवळाच्या आत करायचेच नाहीत, सगळा सोहळा बाहेर वेदीपाशी, आत फक्त देवी आणि तिचं सामान. म्हणून समोरचं पटांगण देवळाइतकंच महत्त्वाचं, ते न बघता लोक खांबांचे फोटो काढून निघतात. ईशान्य बाजूला पाण्याची टाकी आहे जमिनीतली, छपरावरचं पावसाचं पाणी त्यात जायचं. टेकडीवर विहीर नाही तर जत्रेला आलेली माणसं आणि जनावरं प्यायची काय, हा प्रश्न मला तिथे भर दुपारी फारच जवळचा वाटला.

हे इथलं पहिलं देऊळ नाही बरं का. आधी एक इसपू 570 च्या सुमाराचं होतं, ते 510 च्या आसपास जळलं, आणि त्याचे तुकडे नव्या देवळाचा चौथरा वाढवताना भराव म्हणून खाली गाडले. भरावात गेल्यामुळे त्याच्यावरचे रंग टिकले, आणि म्हणून आज कळतं की ही देवळं पांढरीशुभ्र नव्हती, निळी लाल भडक होती. त्याच्याही आधीचं काय सापडलं तर मातीच्या छोट्या छोट्या बायका, काहींच्या कडेवर पोर. म्हणजे ही टेकडी देवीची होती ती खांब येण्याच्या सात-आठशे वर्षं आधीपासून. बाळंतपण, लेकरं, ह्यासाठी बायका इथे यायच्या असा अंदाज आहे. आत्या म्हणाली, "मग हे सांग की आधी, मी उगाच झ्यूसबिऊस समजत होते."

तिची चूक नाही, अभ्यासकांनाही हे आधी झ्यूसचं आणि मग अथीनाचं वाटत होतं. मग 1901 मधे आडोल्फ फुर्टव्हेंग्लर नावाच्या जर्मन पुरातत्त्वज्ञाने इथे नीट उत्खनन केलं आणि एक शिलालेख सापडला, त्यात लिहिलेलं की अमुक पुजारी असताना अफायासाठी घर बांधलं, वेदी बांधली, हस्तिदंताचं काम केलं, भोवती भिंत घातली. झालं, देवीला तिचं नाव परत मिळालं. तिची गोष्ट दुसऱ्या शतकातल्या पौसानियस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलीय, ती क्रीटमधली ब्रितोमार्तिस, शिकारीची आवड असलेली पोरगी, तिथला राजा मिनोस तिच्या मागे लागला, हिने समुद्रात उडी टाकली ती मासेमाऱ्यांच्या जाळ्यात पडली, आणि पुढे एजिनाच्या लोकांना ती दर्शन द्यायची. स्थानिक लोक सांगतात की कोळ्यांनी तिला इथे आणलं, त्यातल्या एकाची नजर वाईट, तेव्हा ती ह्या टेकडीवरच्या झाडीत पळाली आणि दिसेनाशी झाली. अफाया म्हणजे दिसेनाशी झालेली. मुलींच्या मागे लागणारे राजे आणि देव ह्यांच्यावरच निम्मं ग्रीक पुराण उभं आहे, त्यात ही एक निसटली ह्याचं आम्हा दोघींना बरं वाटलं.

आता म्युनिक. देवळाच्या दोन्ही टोकांना छपराखाली जो त्रिकोणी माथा असतो त्यात पॅरोस बेटावरच्या संगमरवरातून कोरलेले योद्धे होते, मधोमध अथीना देवी, दोन्ही बाजूंना लढणारे, वाकलेले, बाण सोडणारे आणि कोपऱ्यात, जिथे जागा कमी होत जाते, तिथे पडलेले मरणारे. दोन्हीकडे ट्रॉयच्याच लढाया, पश्चिमेला आपल्याला माहीत असलेली, पूर्वेला त्याच्या आधीच्या पिढीतली, हेराक्लीस म्हणजे हर्क्युलिस गेला होता ती. आणि ट्रॉयच का तर त्यात एजिनाची पोरं होती, पूर्वेकडच्या लढाईत तेलामोन, पश्चिमेकडच्या लढाईत त्याचा मुलगा एजॅक्स. म्हणजे गावाने गावच्या वीरांचं स्मारकच करून घेतलं.

1811 च्या एप्रिलमधे चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल आणि जॉन फॉस्टर हे इंग्रज आणि हालर फॉन हालरश्टाइन आणि लिंख हे जर्मन असे चौघे इथे मोजमापं घ्यायला आले, कॉकरेलला तेव्हा तेविसावं चालू होतं. खणता खणता जमिनीत थोडंच खाली शिरस्त्राण घातलेलं डोकं लागलं आणि मग एकामागून एक मूर्ती. बेट तेव्हा तुर्कांच्या ताब्यात. गावातले मानकरी येऊन विनवायला लागले की बाबांनो हे थांबवा, बेटावर आणि आजूबाजूच्या शेतांवर काय संकट येईल सांगता येत नाही. पोरांनी ओळखलं की सौदा करायचाय, आठशे पियास्तर दिले, म्हणजे तेव्हाचे चाळीस पौंड, आणि मूर्ती रातोरात अथेन्सला. कॉकरेलने हे स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय, लाजबिज काही नाही. आता मानकऱ्यांना खरंच देवीची भीती होती की भाव वाढवत होते हे कोणी सांगावं, पण आत्याचं मत ठाम, भीती खरी होती आणि पैसे नंतर घेतले. आपल्याकडेही गावदेवीचा दगड हलवायला कोण तयार होतं.

पुढचा भाग तर फार्सच आहे. लिलाव ठेवला झाकिन्थोस बेटावर, 1812 च्या नोव्हेंबरात, आणि मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ठेवल्या माल्टाला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस पैसे घेऊन माल्टाला जाऊन बसला, मूर्ती तिथेच आहेत म्हटल्यावर लिलावही तिथेच असणार ना, आणि इकडे झाकिन्थोसला बव्हेरियाचा (म्युनिक ज्याची राजधानी ते राज्य) युवराज लुडविग ह्याच्या माणसाने माल घेऊन टाकला. लुडविगने त्या रोमला पाठवल्या, थोर्वाल्डसन नावाच्या तेव्हाच्या प्रसिद्ध डॅनिश शिल्पकाराकडून तुटलेली नाकं, हात, पाय नवे बसवून घेतले, आणि म्युनिकला त्यांच्यासाठी ग्लिप्टोथेक बांधलं, ते 1830 ला उघडलं. मग 1960 च्या दशकात म्युझियमवाल्यांना वाटलं की हे नवे हातपाय खोटे आहेत, ते सगळे काढून टाकले, त्यामुळे आज तिथे मूर्ती लोखंडी सळ्यांवर तोललेल्या दिसतात, जेवढं खरं तेवढंच. आणि गंमत म्हणजे ह्याच लुडविगचा मुलगा ओटो 1832 मधे स्वतंत्र ग्रीसचा पहिला राजा झाला. मूर्ती बव्हेरियाला, बव्हेरियाचा पोरगा ग्रीसला, अदलाबदलच.

ग्लिप्टोथेकमधे काय बघाल तर फक्त दोन मरणारे योद्धे बघा, बाकी वेळ असेल तर. पश्चिमेकडचा छातीतला बाण उपटतोय आणि चेहऱ्यावर हसू, ते जुन्या पद्धतीचं ठोकळेबाज हसू, मरतोय तरी कॅमेऱ्याकडे बघून स्माइल. पूर्वेकडचा म्हातारा ढालीवर रेलून खाली कोसळतोय, हातातलं बळ गेलंय, डोळे मिटत चाललेत, आणि ह्याला खरंच दुखतंय. दोन्हींत फरक थोड्याच वर्षांचा, एकाच देवळाच्या दोन टोकांना होते, आणि तेवढ्यात दगड कोरणाऱ्यांना मरण कळायला लागलं होतं. ह्याशिवाय एक ट्रोजन तिरंदाज आहे, त्याच्यावरच्या रंगाच्या खुणा शोधून संशोधकांनी त्याची रंगीत प्रत बनवली, अंगभर चौकटी-चौकटींची भडक नक्षी, पिवळी निळी लाल. ते बघून माझा ऑफिसमधला जर्मन मित्र दुखावला होता, आपल्या लोकांना काही वाटत नाही, आपल्याकडे देव रंगीतच असतात. रविवारी तिकीट फक्त एक युरो असतं, म्युनिकमधे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर कारणच द्यायला नको.

तर एजिनाला देवळासमोर उभं राहून आत्याने तो रिकामा त्रिकोण, म्हणजे जिथे त्रिकोण असायला पाहिजे ती जागा, बघून विचारलं, "ह्यांना परत नको का द्यायला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॉर्ड एल्गिनने इंग्लंडला नेलेल्या पार्थेनॉनच्या मूर्तींबद्दल जगभर भांडण चालू असतं, एजिनाच्यांबद्दल त्या मानाने कोणी फारसं बोलत नाही. म्युनिकला नसत्या गेल्या तर मला हे देऊळ माहीतही झालं नसतं हे खरं, पण असा विचार म्हणजे चोराने दागिने छान पॉलिश केले म्हणून त्याचे आभार मानण्यातला प्रकार, ते आत्याने लगेच दाखवून दिलं. साइटवर एक छोटं म्युझियम आहे, त्यात त्या माथ्यांच्या प्रतिकृती आणि जुन्या जळलेल्या देवळाचा दर्शनी भाग रंगांसकट जोडून दाखवलाय, ते चुकवू नका, फक्त त्याची वेळ देवळाच्या वेळेपेक्षा कमी असते त्यामुळे तिकीट काढतानाच विचारा.

आता तो नकाशावरचा त्रिकोण. तुम्हाला गाइड, टॅक्सीवाला, कॅफेवाला, कोणी ना कोणी सांगणारच की अफाया, पार्थेनॉन आणि सूनियोन भूशिरावरचं समुद्रदेव पोसायडनचं देऊळ ह्यांचा मिळून पवित्र समद्विभुज त्रिकोण होतो, प्राचीन ग्रीकांना गणित कसं येत होतं बघा. अहो कुठलीही तीन देवळं घेतली की त्रिकोण होतोच. आणि वर सांगितलं तसं, एजिना आणि अथेन्स एकमेकांचे वैरी होते, अफायाचं देऊळ झालं तेव्हा आजचं पार्थेनॉनही नव्हतं आणि सूनियोनचं आजचं देऊळही नव्हतं, ती दोन्ही इसपू 440 च्या दशकातली. ज्याला डोळ्यातलं चिपड म्हणतो त्याच्याबरोबर बसून कोण भूमिती करतं? पण व्हॉट्सॅपवर आपल्याकडेही सगळी शिवमंदिरं एका रेषेत असतात, त्यामुळे मी हसून मान डोलावली. देखावा मात्र खरा आहे, हवा स्वच्छ असेल तर एकीकडे आगिया मरिनाची निळी खाडी, पलीकडे समुद्र आणि त्यापलीकडे अथेन्सची पांढरी वस्ती पसरलेली दिसते. त्रिकोणाशिवायही भागतं.

थोडं व्यवहाराचं. चौथऱ्यावर चढू देत नाहीत, दोर लावलेत, त्यामुळे आतले दोन मजली खांब बाहेरून फिरत फिरत बघायचे, प्रदक्षिणा घालायचीच आहे तर दोन घाला, एक लांबून आणि एक दोराला चिकटून. पठारावर सावली नाही, झाडं सगळी कडेला, जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर सकाळी पहिल्या बसने जा किंवा सरळ उशिरा दुपारी, टोपी-पाणी बरोबर, गेटसमोर कॅफे आहे पण आधीच भरून घेतलेलं बरं. एप्रिल-मे सगळ्यात छान, रानफुलं असतात. जमीन ओबडधोबड आहे, आत्याने गुडघ्याला पट्टा बांधून सगळं बघितलं पण सँडलवर येणाऱ्यांचे हाल बघितले. अथेन्सहून एका दिवसात तीन बेटं अशा क्रूझ असतात, हायड्रा, पोरोस, एजिना, त्यांत एजिनाला जेमतेम काही तास मिळतात आणि देवळाची बस वेगळे पैसे भरून, देऊळ हेच कारण असेल तर त्या भानगडीत पडू नका, साधी फेरी स्वस्त पडते आणि वेळ तुमचा.

वेळ आहे तर वाटेत आगियोस नेक्तारियोसचा मठ लागतो, भलंमोठं चर्च. हे संत 1920 ला वारले, 1961 ला त्यांना अधिकृत संत केलं, म्हणजे ग्रीसच्या हिशोबाने अगदी कालचे. लोक त्यांच्या थडग्याला कान लावून उभे असतात, आत आवाज ऐकू येतो म्हणतात, आजारी माणसांसाठी नवस बोलतात. आत्या रांगेत उभी राहिली आणि तिनेही कान लावला, काय ऐकलं ते विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला सांगू?" खांदे झाकलेले असू देत, मठ आहे. आणि बंदराच्या उत्तरेला चालत जाण्यासारख्या अंतरावर कोलोना, अपोलोचं देऊळ, एकच खांब उभा आहे, बाकी पाया. बोटीतून येताना तोच आधी दिसतो. अफाया बघितल्यावर तिथे काही वाटत नाही, म्हणून क्रम असा ठेवा की आधी कोलोना आणि मग अफाया, नाहीतर सोडून द्या.

खाणं. मासे खाणाऱ्यांना बंदरामागच्या मासळी बाजाराला लागून छोटी खानावळ टाइप ठिकाणं आहेत, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, मी खाल्ला, आत्याने तोंड फिरवून घेतलं. शाकाहारींचं बिलकुल अडत नाही, जिगांदेस म्हणजे टोमॅटोतले मोठे वाल, भाताने भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे गेमिस्ता, पिवळ्या डाळीचं घट्ट फावा त्यावर कांदा आणि ऑलिव्ह तेल, हे फावा आत्याला इतकं आवडलं की तिने फोडणी असती तर अशी सूचना केली. एका ठिकाणी मेन्यूवर नसलेला ब्रेड-पाण्याचा आकार बिलात लागला, हे ग्रीसमधे बऱ्याच ठिकाणी चालतं, नको असेल तर आधीच सांगा.

आणि पिस्ते. एजिनाच्या पिस्त्याला आपल्या रत्नागिरी हापूससारखं नावाचं संरक्षण आहे, युरोपचं, आणि भाव त्याप्रमाणे. सालासकट, मीठ-लिंबू लावून भाजलेले घ्या, धक्क्यावर चव बघू देतात. हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर, तेव्हा ताजे मिळतात आणि गावात पिस्त्यांचा उत्सवही असतो. हिरवागार रंगाचं पिस्ता आइस्क्रीम दिसलं तर ते सोडा, खरं असतं ते मळकट हिरवट दिसतं. पिशवीवर एजिनाचंच नाव आहे ना ते वाचून घ्या. शनिवार-रविवारी अर्धं अथेन्स इथे येतं, त्यामुळे रविवारी संध्याकाळच्या परतीच्या फेरीचं तिकीट सकाळी उतरल्या उतरल्याच काढून ठेवा.